जीपमधला कंप्रेसर : पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. मालेगावच्या आम्हा कापडवाल्यांना तो आठवडा म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. धडगाव-मोलगीकडचे मोठे रस्ते आता डांबरी आहेत, पण पाड्यांवरची उधारी वसूल करायची तर नदीचे पात्र, वाळू आणि गोटे काही सुटत नाहीत. त्यासाठी आम्ही एक जुनी फोर बाय फोर जीप ठेवली आहे आणि तिच्यात हवेचा कंप्रेसर कायमचा बसवला आहे.

हा शौक आहे असे काही दुकानदार मित्र म्हणतात. त्यांना आमचे सांगणे असे की, वाळूत गाडी रुतते तेव्हा टायरची हवा कमी करावी लागते. 30 पौंडांची हवा 18-20 वर आणली की टायर चपटा होऊन जास्त जागेवर टेकतो आणि गाडी निघते. मात्र तशाच टायरवर डांबरी रस्त्याने माल भरून गाडी पळवली तर टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटते. पेट्रोल पंपावर हवा मोफत असते, पण घाटात पंप कुठला? पायपंपाने चार टायर भरून पाहावेत म्हणजे शौक की गरज ते कळेल. ज्यांची गाडी फक्त बाजाराच्या डांबरी रस्त्यावर फिरते त्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. बॅटरीला चिमटे लावून चालणारा छोटा कंप्रेसर सीटखाली टाकला की त्यांचे काम भागते.

आता आमची फजिती सांगतो, कारण हा लेख त्याचसाठी आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही चांगला कंप्रेसर विकत घेतला आणि बसवण्याच्या मजुरीत घासाघीस केली. मिस्त्रीने तो बॉनेटखाली बसवला आणि वीज घेतली सिगारेट लायटरच्या तारेतून. ऐन बाजाराच्या दिवसांत, नदीतून वर आल्यावर, दोन टायर भरले. तिसऱ्याला डॅशबोर्डमधून धूर निघाला. बॅटरीची तार उपटली म्हणून गाडी वाचली. मागे साड्यांचे आणि लुंग्यांचे गठ्ठे होते. आग लागली असती तर उधारीचा माल, गाडी, सगळेच गेले असते. जळक्या वासाचा माल पडत्या भावाने विकला आणि दोन बाजार हुकले. परत येऊन मिस्त्रीवर तोंडसुख घेतले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सेठ, तुम्हीच म्हणाला होता ना, कमीत बसव.” आमच्याकडे जवाब नव्हता.

हिशेब साधा आहे. 12 व्होल्टचा बऱ्यापैकी कंप्रेसर 30 अँपिअरच्या आसपास करंट खेचतो. लायटरची तार साधारण 10-15 अँपिअरसाठी असते. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे सुताच्या भाषेत लगेच समजेल : काउंटचा आकडा वाढला की सूत बारीक, तसाच गेजचा आकडा वाढला की तार बारीक. बारीक सुतावर जाड कापडाचा ताण कोणी देत नाही, मग तारेवर का द्यावा?

दुसऱ्या वेळी आम्ही उस्ताद कारीगराकडे गेलो, मजुरीला हात लावला नाही आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. त्याने बॅटरीपासून थेट 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर 40 अँपिअरचा फ्यूज टाकला. तार कुठेही घासून चेसिसला चिकटली तर आधी फ्यूज उडावा, यासाठी तो बॅटरीजवळच हवा. कंप्रेसरजवळ ठेवलेल्या फ्यूजला अर्थ नाही. मध्ये रिले घातला, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या बटणातून जेमतेम करंट जातो, मोठा करंट रिलेतून. चावी फिरवल्याशिवाय कंप्रेसर चालत नाही, म्हणून बॅटरी उतरण्याची भीती गेली. अर्थची तारही तितकीच जाड, रंग खरवडून घट्ट बसवलेली. हवा भरताना इंजिन चालू ठेवायचे हे त्याने दोनदा बजावले.

जागेवर आमची बरीच चर्चा झाली. बॉनेटखाली जागा असते, पण सायलेन्सरच्या पाइपाची धग कंप्रेसरला मारते. चेसिसखाली बसवला तर चिखल आणि दगड. शेवटी सीटखाली लोखंडी पट्टीवर रबराचे वायसर घालून बसवला, हवा खेचणारा फिल्टर पाणी पोचणार नाही इतका उंच नेला. कंप्रेसरच्या तोंडाशी हवा फार गरम निघते, तिथे साधी प्लॅस्टिकची नळी वितळते. म्हणून पहिला तुकडा पोलादी जाळीच्या नळीचा.

टाकी घ्यावी का? आम्ही छोटी घेतली. 110 पौंडांना कंप्रेसर सुरू होतो, 145 ला आपोआप बंद होतो, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेली टाकी फुकट मिळाली तरी गाडीत ठेवू नये. टाकीत पाणी साचते, हे एअरजेट लूमवाल्यांना वेगळे सांगायला नको. खालचा कॉक उघडून ते काढत राहावे लागते. पुष्कळ जण कॉकच वर करून बसवतात, त्याला काय म्हणावे!

आमच्या गॅरेजवाल्या कारीगर भावांनाही एक विनंती आहे. बिलात एकच ठोक रक्कम लिहू नका. तार, फ्यूज, रिले, मजुरी वेगवेगळी दाखवा. ग्राहक घासाघीस करणारच, आम्हीही केली. पण तारेची रक्कम समोर दिसली तर त्याला कळते की तो नेमके काय कापतो आहे. ठोक रकमेतून कपात झाली की ती गुपचूप तारेतूनच होते. आणि काम झाल्यावर चारही टायर सलग भरून, तारेला हात लावून दाखवा. तार कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर गाडी ताब्यात देऊ नका.

विमा पॉलिसीत अशी विजेची वाढीव जोडणी वेगळी नोंदवता येते. आम्ही ती पहिल्या वेळी नोंदवलीच नव्हती. आता नूतनीकरणाच्या वेळी बिलाची झेरॉक्स एजंटकडे देऊन ठेवली आहे.