चित्र स्वच्छ, पण खरे कुठले?

नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर भागातल्या अनेक मुलांनी ‘व्हिडिओ गेम’ खेळला तो जपानी ‘फॅमिकॉम’च्या स्वस्त नकलांवर. कॅसेटला फुंकर मारायची, वायर टीव्हीला जोडायची आणि मारिओला पळवायचे. चाळिशीला आलेली ती पिढी आता तेच खेळ मोबाइलवर किंवा संगणकावर ‘इम्युलेटर’ने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने खेळते. ठिपका न् ठिपका मोजता येईल इतके चित्र स्वच्छ दिसते. म्हणून नवे चित्र जुन्याहून सरस, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे.

१९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे होते. ते पुरे व्हायचे टीव्हीच्या काचेवर. पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रेखाटायचा आणि दोन ओळींमध्ये काळसर फट राहायची. साध्या व्हिडिओ वायरमुळे शेजारचे रंगही एकमेकांत मिसळायचे. चित्रकार हे गृहीत धरूनच काम करत. सेगा कंपनीच्या १९९१च्या ‘सोनिक’मधला धबधबा उभ्या रेघांनी काढलेला आहे. जुन्या टीव्हीवर त्या रेघा विरघळून पारदर्शक पाणी दिसे; स्वच्छ चित्रात मात्र नुसते गज दिसतात.

दुसरा फरक हालचालीचा. ट्यूबवरचा ठिपका क्षणभर उजळून विझतो. आजचा पडदा मात्र पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे तसेच धरून ठेवतो. धावत्या मारिओमागे डोळा सरकत असतो आणि चित्र थांबलेले असते, त्यामुळे कडा पुसट होतात. स्थिर चित्रात नवा पडदा जिंकतो, पळत्या चित्रात बहुधा जुना. दोन फोटो शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते.

बदकांवर नेम धरायची बंदूक तर या वादाचा निकालच लावते. तिच्यातला सेन्सर ट्यूबवर त्या क्षणी उमटणारा प्रकाश टिपतो. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि प्रत्येक नेम चुकतो.

याचा अर्थ इम्युलेटर वाईट असा नाही. जुनी यंत्रे बंद पडत जाणार. खेळ टिकतील ते इम्युलेटरमुळेच. मात्र तो नीट लावायला हवा. चित्र ताणून पडदाभर न करता ४:३ प्रमाणात ठेवावे, टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करावा. १०८० ओळींच्या पडद्यावर २४० ओळी साडेचार पटीने बसतात, म्हणून काही ओळी जाड, काही बारीक होतात. चौपटीवर थांबणे बरे. आणि जुन्या टीव्हीसारख्या ओळी दाखवणारा फिल्टर ही हौस नव्हे, मूळ चित्राकडे जाणारी वाट आहे.

तरीही पडताळणीसाठी मूळ वस्तू लागतेच. ट्यूबचे टीव्ही आज भंगारात निघाले आहेत. त्यांच्या काचेत शिसे असते, म्हणून ते फोडणे धोक्याचे. बंद पडलेले संच ई-कचरा म्हणूनच द्यावेत. पण चालू स्थितीतला एखादा संच बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत अजूनही कामाचा आहे. प्रकाश, डोळा आणि चित्र यांचे नाते त्यावर पाच मिनिटांत दाखवता येईल. शेवटचा संच भंगारात गेल्यावर नक्कल किती खरी, हे ताडून पाहायला काहीच उरणार नाही.