गुंडाळलेला चढ

दरवर्षी या सदरात घरातलीच एखादी वस्तू हातात घ्यायची आणि ती कशी चालते ते बघायचं, हा आपला शिरस्ता. यंदा ओट्यावर आहे चकलीचा सोऱ्या. मात्र लेख संपेल तो घराबाहेर, पुढच्या दाराच्या पायऱ्यांशी. दोन्ही ठिकाणी यंत्र एकच आहे, म्हणून.

आमच्याकडे दोन सोरे आहेत. एक आईचा जुना, दोन्ही हातांनी वरून दाबायचा. दुसरा पितळी, आट्यांचा दांडा आणि वर आडवी मूठ असलेला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आई कायमची आमच्याकडे आली. बोटांत संधिवात आधीपासूनच होता. गेल्या दिवाळीत तिने सवयीने आपला दाबाचा सोऱ्या घेतला. भाजणी थोडी घट्ट मळली गेली होती. दोन चकल्या पाडल्या, तिसरी अर्धी झाली आणि तिने सोऱ्या खाली ठेवला. "तुम्हीच करा आता," म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. पन्नास वर्षं घरच्या चकल्या जिने केल्या तिच्या तोंडचं हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून पितळी सोऱ्या काढला.

माझ्या मुलीने त्याची मापं घेतली. मूठ मध्यापासून टोकापर्यंत ५ सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात हात सुमारे ३१ सेंटिमीटर फिरतो. तेवढ्यात आतली दट्ट्याची चकती खाली सरकते फक्त ४ मिलिमीटर. भागाकार केला तर जवळजवळ ७८. पीठ बाहेर काढायला २० किलोचा जोर लागत असेल, तर हिशेबाने मुठीवर पाव किलोच पुरेल. घर्षण त्यात बरंच खातं, म्हणून तिप्पट-चौपट धरा. तरी किलोभरच झाला. तेवढा जोर आईच्या बोटांत आहे.

इथे वाढलेल्या मुलांनो, शाळेत तुम्ही याला 'मेकॅनिकल ॲडव्हान्टेज' म्हणता. आम्ही 'यांत्रिक फायदा' म्हणायचो. मला तो 'फायदा' शब्द नेहमी खटकतो, कारण यात नफा कोणालाच होत नाही. शंभराची नोट मोडून दहा-दहाच्या नोटा घेतल्यासारखं आहे हे. भरलेला सोऱ्या रिकामा करायला चकती १० सेंटिमीटर खाली जावी लागते. दाबाच्या सोऱ्यात हातही तेवढाच सरकतो. पितळीत २५ फेरे घ्यावे लागतात, म्हणजे हात जवळजवळ ८ मीटर फिरतो. काम तेवढंच, फक्त लांब अंतरावर पसरलेलं. वर सुटे देणारा आपली दलाली कापून घेतो, ती म्हणजे घर्षण. गॅलिलिओने १६०० च्या सुमारास यंत्रांवर एक छोटा प्रबंध लिहिला, त्यात हेच सांगितलंय: यंत्राने निसर्गाला फसवता येतं असं समजणारे कारागीर स्वतःच फसतात.

आता एक प्रयोग. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा, त्याची तिरकी कड लाल रंगवा आणि उभ्या कडेपासून सुरुवात करून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. लाल रेघ पेन्सिलीवर वळसे घेत चढत जाते. हेच सोऱ्याचे आटे. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. जागा कमी असली की माणूस चढ गुंडाळून ठेवतो. जागा असली की तो जमिनीवर उलगडतो.

आम्हाला तो उलगडायची वेळ या वसंतात आली. आमच्या पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी ७ इंच. घरात आई वॉकर घेऊन फिरते, बाहेर जाताना व्हीलचेअर लागते. हिवाळाभर तिला खुर्चीसकट आम्ही दोघं उचलून खाली ठेवत होतो. मार्चपर्यंत तिने देवळात येणं बंद केलं, मग मंडळाच्या कार्यक्रमांना येणं बंद केलं. कारण विचारलं की "कंटाळा येतो रे." कंटाळा नव्हता तो. पासष्ट वर्षं स्वतःच्या पायांनी फिरलेल्या बाईला पोत्यासारखं उचललेलं आवडत नव्हतं.

रॅम्पसाठी एका कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, ९ फूट पुरे, अंगणही मोकळं राहील. उताराचा हिशेब सोऱ्याहून सोपा: लांबी भागिले उंची. आई आणि खुर्ची मिळून ७२ किलो. ९ फूट म्हणजे १०८ इंच, भागिले २१, म्हणजे पाचपट. ढकलायला १४ किलोचा जोर. मी ढकलू शकेन, माझी बायको कशीबशी, आई स्वतः तर अजिबात नाही. उतरतानाही तेच १४ किलो तिला खाली ओढणार, हे आपण विसरतो.

इथल्या सार्वजनिक इमारतींना जो नियम आहे तो १ ला १२ चा: एक इंच चढायला किमान १२ इंच लांबी. शिवाय एका दमात ३० इंचांपेक्षा जास्त चढ नाही, आणि मध्ये वा टोकाला खुर्ची थांबवायला ५ फुटांची सपाट जागा. त्या हिशेबाने आमचा रॅम्प २१ फुटांचा आणि जोर ६ किलोचा. अंगणात सरळ २१ फूट नव्हतेच. म्हणून ११ फूट, मग वळणाचा सपाट चौक, मग उलट्या दिशेने १० फूट. सौभाग्यवतींच्या गुलाबाचा अख्खा वाफा त्यात गेला. त्याबद्दल अजून अधूनमधून ऐकावं लागतं, आणि ते रास्त आहे. अंतराची किंमत कोणी तरी मोजतंच.

मुंबई-पुण्याच्या लोकांनी ही किंमत खिडकीतून पाहिलेली आहे. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यातला सर्वांत कडक चढ ३७ फुटांना १ फूट. आमच्या अंगणापेक्षा तिपटीने सौम्य, आणि तरीही गाडीला मागून जोर द्यायला कर्जतला जादा इंजिनं लावावी लागतात. ती लागेपर्यंत आपण बटाटेवडा खाऊन घ्यायचो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घासतं. धावायला ते उत्तम, चढायला वाईट.

याच घासण्यावरून सोऱ्या आणि रॅम्प यांच्यात मोठा फरक पडतो. सोऱ्याची मूठ सोडा, चकती आहे तिथेच थांबते, उलटी फिरत नाही. हा घर्षणाचा उपकार. हिशेब असं सांगतो की जो स्क्रू सोडल्यावर आपोआप मागे येत नाही, त्यात घातलेल्या कामापैकी निम्म्याहून जास्त घर्षणातच जातं. गाडीचा स्क्रूचा जॅक त्याच्याच जिवावर उभा राहतो. खुर्चीची चाकं मात्र गुळगुळीत फिरतात. हात सुटला की खुर्ची मागे. म्हणून रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडा, फळ्यांवर खरखरीत पट्ट्या, आणि आधी ब्रेक मग गप्पा, हा आमच्या घरचा नियम. बर्फ पडला की चाक धरत नाही. त्या दिवशी आई घरातच बसते, हे तिलाही मान्य आहे.

जूनमध्ये ती पहिल्यांदा एकटी चढली. मी मागे हात न लावता चालत होतो. पहिले ११ फूट तिने चार वेळा थांबून घेतले, चौकात ब्रेक लावून बसली आणि म्हणाली, "तू जा आत. मी येते." आत जाऊन मी पडद्याआडून बघत होतो, हे तिला कळलं असणारच. पुढच्या १० फुटांना सात मिनिटं लागली. गणपतीत मंडळाच्या आरतीला ती होती. तुमच्यापैकी काहींनी तिच्याकडून मोदकाच्या पारीबद्दल बोलणीही खाल्ली.

तुमच्याकडे यंदा आई-बाबा यायचे असतील, तर तिकीट काढण्याआधी टेप घेऊन दाराशी जा. पायऱ्यांची एकूण उंची इंचांत मोजा. तितके फूट रॅम्प लागेल, एवढाच हिशेब. तेवढी जागा नसेल तर वळण घ्या, पण चढ कडक करू नका. एक-दोन पायऱ्या असतील तर घडीचे ॲल्युमिनियमचे रॅम्प मिळतात, त्यांनाही हाच हिशेब लावा. आणि आडव्या मुठीचा सोऱ्या इथे मिळत नसेल, तर येणाऱ्यांनाच सामानात घालून आणायला सांगा. पितळी असेल तर वजनाला भारी पडतो, तेवढं लाडवांच्या डब्यातून कमी करा.