ट्रॉफी नको, माहिती द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोंढव्यापासून भवानी पेठेपर्यंत गुणगौरव समारंभांचे फ्लेक्स झळकतात. स्टेजवर नगरसेवक, संस्थेचे अध्यक्ष, दोन-चार बिल्डर. मुलांना हार, ट्रॉफी आणि तासभर भाषण: 'शिका, कौमचं नाव रोशन करा.' शिकायचं कसं, हे कुणी सांगत नाही. कोणता फॉर्म, कोणती तारीख, कोणता दाखला, हे विचारायच्या आत पाहुणे गाडीत बसलेले असतात.

अशी एक ट्रॉफी आमच्या घरातही आहे. ती माझी नाही, आपाची आहे. दहावीला तिला 84 टक्के होते, दोन वर्षांनी मला 71. आज मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आपाने बी. ए. केलं, कारण मोहल्ल्यात कॉलेजला जाणाऱ्या मुली तेच करायच्या. अब्बांचं नाना पेठेत टू-व्हीलरचं गॅरेज होतं आणि सुट्टीत मी तिथे बसायचो. स्कूटरची क्लच वायर बदलायला आलेल्या एका पॉलिटेक्निकच्या सरांनी मला सांगितलं, की दहावीनंतर डिप्लोमा करता येतो आणि त्यावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आपा गॅरेजवर बसत नव्हती. आमच्या दोघांत फरक तेवढाच.

आपल्याकडे माहिती गॅरेजवर, हॉटेलात, मशिदीच्या दाराशी फिरते, म्हणजे पुरुष बसतात तिथे. मुलींपर्यंत ती पोचते तेव्हा फॉर्मची मुदत संपलेली असते.

'हुशार मूल कसंही वर येतं' म्हणणाऱ्यांना मी आपाची मार्कलिस्ट दाखवतो. 'आता सगळं यूट्यूबवर आहे' म्हणणाऱ्यांना विचारतो, की काय शोधायचं हे तरी आधी माहीत हवं ना? साधं उदाहरण घ्या. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींनी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर 2024 पासून त्यांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ओबीसीला जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर आणि जात वैधता लागते, आणि त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तो शोधण्यात महिने जातात. हे अकरावीत कळलं तर फी वाचते. प्रवेशाच्या आठवड्यात कळलं तर अम्मीच्या बांगड्या सोनाराकडे जातात.

मग कॉलेजं काय करतात? 'करिअर कौन्सिलिंग सेल'ची पाटी बहुतेक ठिकाणी असते. माझ्या कॉलेजात त्या पाटीखाली वर्षातून एक कार्यक्रम व्हायचा. एका खाजगी क्लासचा माणूस येऊन आपल्याच क्लासची जाहिरात करायचा आणि आम्ही रजिस्टरवर सह्या करायचो. त्या सह्या कशाला लागतात, ते मला फार नंतर समजलं. नॅकच्या मूल्यांकनात एक आकडा मागितला जात आला आहे: स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन आणि करिअर समुपदेशनाचा लाभ किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाला? हजेरी भरली की लाभार्थी तयार. त्या लाभार्थ्याचं पुढे काय झालं, हे त्या आकड्यात येत नाही.

याची किंमत कोण देतं? केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार 2019-20 मध्ये देशात सुमारे 21 लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. 2020-21 मध्ये ते 19.2 लाखांवर आले. त्याच वर्षी एससी, एसटी आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली. याला गरिबी, कोविड, भेदभाव अशी अनेक कारणं असतील. पण वाटच माहीत नसणं हेही एक कारण आहे, आणि ते दूर करायला सर्वांत कमी पैसे लागतात.

आता आपल्या हातात एक आधारही आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की विद्यार्थी आणि पालक दोघांसाठी नियमित करिअर समुपदेशन हवं, ते पात्र समुपदेशकाने करावं, आणि विद्यार्थ्याची सामाजिक-आर्थिक परिस्थिती त्यात लक्षात घ्यावी. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत.

तेव्हा प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. आपल्या कॉलेजचा समुपदेशक कोण, त्याची पात्रता काय, तो कोणत्या दिवशी भेटतो, पालकांसाठी सत्र कधी आहे, हे विचारा. अर्जाची पोच घ्या. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात माहितीचा अधिकारही वापरा.

आणि जमातीला माझं सांगणं: गुणगौरवाचा खर्च बंद करा. मीही अनेक वर्षं त्या ट्रॉफ्यांची वर्गणी दिली आहे, स्वतःचा एक तास मात्र दिला नाही. मोहल्ल्यातले इंजिनिअर, सीए, नर्स, वकील महिन्यातून एक दिवस टेबल टाकून बसले, तर पुष्कळ काम होईल. त्यात बायका असाव्यात, आणि वेळ मुलींना आणि त्यांच्या अम्मींना जमेल अशी ठेवावी. चर्चा नववीपासून सुरू व्हावी, निकालानंतर नाही.

आपाची मुलगी यंदा दहावीत आहे. तिच्या दाखल्यांची फाइल तयार आहे, कारण तिचा मामू इंजिनिअर आहे. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींना असा मामू नाही. त्यांनीही गॅरेजवर कुणाची तरी क्लच वायर तुटायची वाट बघायची का?