हायस्कूलच्या शिक्षकांची ओळख करून घ्या



ऊस विकास विभागाने या पानावर बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवरच लिहावे अशी रीत आहे. या खेपेला ती बाजूला ठेवून आम्ही गावातल्या हायस्कुलाविषयी लिहीत आहोत. फिरतीवर असताना एक गोष्ट वरचेवर नजरेस पडते, ती बोलून दाखवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आपल्या सभासदाची माणसांची ओळख दांडगी असते. गटाचा चिटबॉय, तोडणीचा मुकादम, ट्रॅक्टरवाला, वजनकाट्यावरचा कारकून, सोसायटीचा सचिव, खताचा दुकानदार, सगळे नावानिशी माहीत. कोण कुठल्या गावचा, कोणाची मुले काय करतात, हेही ठाऊक. त्याच सभासदाला विचारावे, "भाऊ, तुमच्या मुलीला गणित कोण शिकवतं?" तर उत्तर येते, "असतील कोणीतरी सर." एका हंगामाचा ऊस ज्यांच्या हातून जातो ती माणसे आपण ओळखतो. मुलाची तीन वर्षे ज्यांच्या हाती देतो त्यांना ओळखत नाही. आमचे स्पष्ट मत आहे, की ही अनोळख आपल्याला महागात पडते आहे.

सटाणा, नामपूर, ताहाराबाद अशी बाजाराची गावे सोडली, तर बागलाणात पुष्कळ ठिकाणी हायस्कूल लहानच आहे. आठवी ते दहावीचे वर्ग, पाच-सहा शिक्षक, एक कारकून, एक शिपाई. विज्ञानाचे सरच गणित घेतात, मराठीच्या मॅडमच गॅदरिंग बसवतात. लहान शाळेची उणीव आपल्याला चटकन दिसते, पण तिची सोय ध्यानात येत नाही. शहरातल्या शाळेत पालकाने सगळे शिक्षक ओळखायचे म्हटले तर वर्ष पुरणार नाही. आपल्या गावी एका सकाळी सगळ्यांशी बोलणे होते. अट एवढीच, की आपण गेले पाहिजे.

आता ही ओळख नववी-दहावीतच का हवी ते सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वयाची मुले, म्हणजे पहिली ते आठवी, एवढीच येतात. त्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात असे ठरले. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, हेही कायद्यात लिहिले. मुलाने नववीत पाऊल टाकले की हे छत्र मागे राहते. पुढे शिक्षक-पालक संघ असतो, पण त्यात जीव किती हे पालकांवर ठरते. म्हणजे नववी-दहावीत ओळख ठेवायची ती आपण होऊन.

आणि पोर हातचे सुटते ते याच वयात. उसाचे उदाहरण घ्या. चार-साडेचार महिन्यांचा ऊस मोठ्या बांधणीला येतो. तेव्हा मातीची भर लागली नाही तर पुढे ऊस लोळतो, मग कितीही खत टाका. नववीचे वर्ष हे बांधणीचे वर्ष आहे. बांधणी एकट्या शाळेची नाही आणि एकट्या घराचीही नाही. दोन्हीकडून माती ओढावी लागते.

आपल्याकडची खरी अडचण आम्ही जाणतो. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण येते. मजूर मिळत नाही, मिळाला तर भाव परवडत नाही. तिकडे ऊसतोडीची पाळीही तेव्हाच येते. मग आई म्हणते, "पोरीला चार दिवस घरी राहू द्या." चाराचे आठ होतात, आठाचे पंधरा. नेमकी त्याच सुमारास दहावीची पूर्वपरीक्षा असते आणि फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची. बोर्डाच्या परीक्षेला बसायचे तर ७५ टक्के हजेरी लागते. शिक्षक अनोळखी असले तर हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते आणि विषय संपतो. ओळखीचे असले तर आधीच बोलणे होते. रविवारी लागण काढा, शनिवारी दुपारून न्या, पण इंग्रजी-गणिताचे तास बुडवू नका, एवढे सांगायला माणूस मिळतो. कांदाही लागतो आणि मुलगीही परीक्षेला बसते.

ओळख दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. शिक्षकांचीही काही बाजू आहे, ती आपण कधी विचारतो का? नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ साली ८ हजारांवरून १८ हजार रुपये झाले. काही शाळा कायम विनाअनुदानित तत्त्वावर निघाल्या. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ साली गेला, आणि २०१६ मध्ये २० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झाले. अशा शाळांतल्या कित्येकांची उमेदीची वर्षे पुऱ्या पगाराची वाट पाहण्यात गेली. शिवाय निवडणूक आली की मतदान केंद्राची ड्यूटी. आपल्या उसाचे बिल पंधरा दिवस लांबले तर आपण गट कार्यालयाची पायरी झिजवतो. मग या माणसांच्या मनाची अवस्था आपल्याइतकी कोणाला कळावी?

दुसरी गोष्ट पटाची. शाळेत शिक्षक किती मिळायचे हे संचमान्यतेत पटावर ठरते. आपण चार-पाच जण मुलगा मोटरसायकलवर किंवा शाळेच्या गाडीने शहरात धाडतो, गावचा पट घटतो, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग उरलेल्यांवर दोन विषयांचे तीन विषय येतात, आणि आपणच म्हणतो, "गावच्या शाळेत राम राहिला नाही." यात पहिला फटका मुलीला बसतो. मुलगा कसाही शहर गाठतो. मुलीला एस.टी.चा पास मिळतो, पण गाडी वेळेवर येतेच असे नाही. संध्याकाळी उशीर होऊ लागला की तिचे शिक्षण थांबते. मुलाला शहरात घालू नका असे आमचे म्हणणे नाही. पण घालण्याआधी एकदा गावच्या हायस्कुलात जाऊन, शिक्षकांशी बोलून, मग ठरवा. न पाहता बेणे नाकारू नये, तसेच हे आहे.

काही सभासद म्हणतील, शिक्षक गावात राहतच नाहीत, सटाण्याहून किंवा मालेगावाहून येतात, तास संपले की गाडीला किक मारतात, त्यांच्याशी ओळख व्हायची कशी? तक्रार खोटी नाही. पण ज्या गावात आपल्याला कोणी 'या, बसा' म्हणत नाही तिथे अर्धा तास जादा कोण थांबेल? सटाण्याचे देवमामलेदार यशवंतराव महाराज आठवा. तेही बदलीवर बाहेरून आलेले सरकारी नोकर. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला आणि बागलाणाने त्यांना देव मानले. त्यांच्या नावाची यात्रा आपण आजही भरवतो. बदलीवर आलेल्या माणसाला आपले म्हणायची रीत या मातीत जुनी आहे. प्रत्येक शिक्षक देवमामलेदार होणार नाही, पण आपला झालेला शिक्षक परक्या शिक्षकापेक्षा निश्चित जास्त देतो.

भाषेचाही एक मुद्दा आहे. आपली पोरे घरी अहिराणी बोलतात. पश्चिमेच्या डोंगरी भागातली कोकणा आणि भिल्ल समाजाची मुले आपापल्या बोलीत बोलतात. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला वर्गात गप्प बसलेले पोर ढ वाटते. खरे तर ते पुस्तकी मराठीला बिचकलेले असते. हे शिक्षकाला सांगणार कोण? पालकानेच सांगायचे. आणि पालकाने स्वतः अहिराणीत बोलायला लाजू नये. "मना पोऱ्या कसा शे, सर?" एवढे विचारले तरी पुरे. सरांना समजेल, आणि हे पोर कुठल्या घरचे तेही समजेल.

मोसम आणि आरम नदीवरच्या फड पद्धतीचे आपण वारस. फडाचे पाणी शतकानुशतके चालले ते कशावर? पाटकरी, जागल्या आणि हवालदार ही माणसे गावाने नेमलेली, गावाच्या ओळखीची होती. चूक झाली तर तोंडावर विचारता येई, आणि त्यांचा वाटा वेळेवर पोचवणे हे गाव आपले काम समजे. शाळेशी नाते असेच असावे. ओळख म्हणजे हांजी-हांजी नव्हे. तास होत नसतील तर विचारलेच पाहिजे. पण ओळखीच्या माणसाने समोर बसून विचारलेला प्रश्न, निनावी अर्जापेक्षा लवकर कामाला येतो.

ओळखीतून काय उभे राहू शकते याचा एक नमुना पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांना हाताने काम करत शिकवण्याचा कार्यक्रम बसवला, तो पुढे इतर हायस्कुलांतही गेला. आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, वेल्डिंग-बांधकाम, वीज, आरोग्य यांची कामे, आणि शिकवायला जवळपासचे जाणकार कारागीर. मुलांनी माती तपासावी, गावची लहानसहान कामे करावी, आणि त्यातून पुस्तकातले विज्ञान समजून घ्यावे. आपल्या सभासदांत ठिबकचे, कलमांचे, पंप दुरुस्तीचे जाणकार काय कमी आहेत? पण शिक्षकांशी बोलणेच नसेल तर त्यांना बोलावणार कोण?

तेव्हा आमच्या सूचना अशा:

१. येत्या पंधरवड्यात एकदा शाळेत जावे. आधी मुख्याध्यापकांना निरोप द्यावा आणि तास चालू असताना वर्गात शिरू नये.

२. घरातल्या बाईमाणसाने बरोबर जावे. मुलगी शाळेत काय सोसते ते आईला आणि मॅडमना लवकर कळते.

३. मार्क किती, हे शेवटी विचारावे. आधी विचारावे, मूल वर्गात बोलते का, कोणात मिसळते, कशात रमते.

४. आपल्या कामाचे वेळापत्रक शिक्षकांना सांगावे. कांद्याची लागण कधी, तोडणी कधी, रात्रीची लाइट कोणत्या आठवड्यात, म्हणजे मूल वर्गात पेंगते का, हे त्यांना कळेल.

५. कारखान्याचे, संस्थेचे आणि ग्रामपंचायतीचे पॅनेल शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावे. शिक्षक कोणत्या गटाचे, हा प्रश्न तिथे नको.

मागच्या पिढीने आपले काम केले. नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ साली उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा गावोगावच्या बायांनी मूठमूठ धान्य देऊन वसतिगृहे चालवली. प्रवरेच्या सभासदांनी कारखान्याच्या जोडीने शाळा-कॉलेजे काढली. भिंती त्यांनी बांधून दिल्या. त्या भिंतींच्या आत रोज उभे राहणाऱ्या माणसांशी दोन शब्द बोलणे, एवढे हलके काम आपल्या वाट्याला आले आहे.

पुढे जमिनीचे तुकडे होणार, हे सातबारा पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसते. दोन एकरांत निभावायचे तर माती परीक्षणाचा कागद वाचणारे, हिशोब मांडणारे, नाहीतर दुसरा धंदा धरणारे पोर लागेल. ते हायस्कुलातच घडते. लागणीची नोंद द्यायला सभासद तारीख चुकवत नाहीत. शाळेच्या भेटीचीही एक तारीख आजच धरावी, ही विनंती.

जय सहकार!

ऊस विकास अधिकारी