६१७४ या मुक्कामाची वजाबाकी

हातच्याच्या वजाबाकीची वीस गणितं एका पानावर दिली की मुलं पाचव्या गणितालाच जांभया द्यायला लागतात. म्हणून आपल्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात मी तसं पान देत नाही, कापरेकरांचं कोडं देते. द. रा. कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. १९४९ साली त्यांनी ही गंमत जगासमोर मांडली.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून दुसरी. मोठीतून लहान वजा करा. उत्तर घेऊन पुन्हा तेच. १९४७ घेऊ या :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर हेच करून पाहा, ६१७४ च येतात! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोहोचता. उत्तर तीनच अंकी आलं तर पुढे शून्य लिहायचं, ते विसरलात तर गाडी रुळावरून उतरली.

पण या कोड्यात एक खोड आहे. मागच्या रविवारी पाचवीतल्या दोघींनी १९४७ च घेतलं. एकीला पाच पायऱ्या लागल्या, दुसरीला सहा, आणि पोहोचल्या दोघी ६१७४ लाच. मग जुंपली! दुसरीने पहिल्या वजाबाकीत हातचा न घेता प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून ८३३८ आणले होते. पुढचं सगळं बरोबर. सगळे रस्ते एकाच गावी जात असल्याने वाट चुकल्याचं कळतच नाही. ‘६१७४ आलं ना, मग बरोबर’ म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

यावर उपाय नऊचा. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागलं की बाकी सारखीच उरते. आपण तेच अंक फिरवून वजा करतो, म्हणजे दोन्ही बाक्या एकमेकींना खातात आणि उत्तर नऊच्या पाढ्यातलंच येतं. ८२६२ ची बेरीज १८, ठीक. ८३३८ ची २२, पकडली चूक! ८२६२ ऐवजी घाईत ८६२२ लिहिलं तर ही चाळणी हाती लागू देणार नाही, पण पुढच्या पायरीत अंक नव्याने मांडायचेच असल्याने तिथे बिघडत नाही.

माझी एक अट असते : प्रत्येक संख्या मराठीत मोठ्याने म्हणायची. इंदूरच्या आपल्या मुलांना ७९ म्हटलं की ‘उन्यासी’ नाहीतर ‘सेव्हंटी नाइन’ सुचतं. ‘एकोणऐंशी’ म्हणजे ऐंशीला एक कमी, नावातच वजाबाकी, हे सांगितल्यावर एकोणतीस, एकोणसाठ आपोआप जमू लागले. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही, तो पाठच करावा लागतो.

या महिन्यात आजी-आजोबांच्या जन्मसालापासून सुरुवात करा. तीन अंकी संख्यांनाही असाच एक मुक्काम आहे. तो कोणता, ते पुढच्या अंकापर्यंत शोधून ठेवा.