ढगांवर फवारणी, पण हिशेब कुठे?

पावसाने ओढ दिली, कपाशीने माना टाकल्या, की गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावांत कृत्रिम पावसाची चर्चा सुरू होते. मराठवाड्यासाठी २०१५ आणि २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून विमाने उडालीही. हा प्रयोग काय करू शकतो आणि काय नाही, हे मात्र मागणी करणाऱ्यांना क्वचितच सांगितले जाते.

विमानातून सोडलेले क्षारांचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगातले थेंब किंवा हिमकण मोठे व्हायला मदत करतात. ढग मात्र आधीच असावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात २७६ ढगांचा अभ्यास केला. अनुकूल ढगांवर फवारणी केल्यास पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढू शकतो, असे त्यात दिसले. हे यश लहान नाही. पण कडक दुष्काळात आभाळच कोरडे असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा मुद्दा पर्यावरणाचा. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि वापराचे प्रमाणही अल्प असते, त्यामुळे घबराटीचे कारण नाही. तरीही चांदीचे सुटे आयन जलचरांना आणि सूक्ष्मजीवांना घातक असतात. ज्या शिवारावर वारंवार फवारणी होईल, तिथली माती आणि तळी आधी व नंतर तपासणे हाच शहाणपणा.

हे तंत्र शस्त्र म्हणूनही वापरले गेले आहे. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात शत्रूचे रसद-मार्ग चिखलात रुतावेत म्हणून ढगांवर गुपचूप फवारणी केली. ते उघड झाल्यावर जगभर टीका झाली आणि १९७७ मध्ये हवामानाच्या लष्करी वापराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला. शांततेच्या कामासाठी मात्र त्यात मुभा आहे. म्हणजे गावावरच्या फवारणीचे नियम आपल्यालाच करावे लागतील.

ते अवघड नाही. उड्डाण कधी झाले, कोणते रसायन किती वापरले, फवारणी न केलेल्या ढगांच्या तुलनेत पाऊस किती वाढला आणि खर्च किती आला, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. आणि पडलेला थेंब शिवारात मुरवणारे बांधबंदिस्तीचे काम विमानाची वाट न पाहता आधी व्हावे.