कापसाला ग्रेडर, दवाखान्याला कोण?



कापसाची गाडी केंद्रावर लागली की ग्रेडर ढिगात हात घालतो. मूठभर कापूस उपसून धागा ओढतो, कवडी शोधतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतो, १२ च्या वर गेला तर गाडी परत! ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते, पिशवीवर लॉट नंबर आणि तपासणीची तारीख लागते. आणि ताडकळसच्या बाजाराला आलेली आपली बहीण तापाने फणफणलेले लेकरू घेऊन दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिथल्या मालाची प्रत कोण पाहतो? कोणीही नाही.

कायदा नाही असे नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे, पण तो खाटा मांडून रोगी ठेवणाऱ्यांसाठी. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणे बंधनकारक झाले. एक टेबल, एक बाकडे आणि पडद्याआड सुईचा डबा असा जो आपला रोजचा दवाखाना, तो यातून बाहेरच राहिला. २०१० चा केंद्राचा कायदा अशा दवाखान्यांनाही नोंदणीत आणतो. महाराष्ट्राने तो बाजूला ठेवला.

इंग्लंडात २०१३ पासून गल्लीतल्या घरगुती डॉक्टरलाही तपासणी खात्याकडे नोंदणी करावी लागते. तपासनीस येतात, कागद पाहतात, रोग्यांशीही बोलतात, आणि उत्कृष्ट, चांगला, सुधारणा हवी, अपुरा यांपैकी एक शेरा देतात. २०१५ पासून तो शेरा दारात लावावा लागतो. आपल्या कापसाच्या ग्रेडसारखाच!

मग आम्ही आणखी एक इन्स्पेक्टर मागतो आहोत काय? मुळीच नाही. बियाण्याचे इन्स्पेक्टर आहेत, खताचे आहेत, औषधाचे आहेत. बोगस बियाणे उगवायचे थांबले काय? दवाखान्यावर इन्स्पेक्टर बसवला तर त्याचा हप्ता फीमध्ये चढेल, आणि ती फी शेवटी आपल्याच पऱ्हाटीतून निघेल. आम्हाला हवी आहे उघडी माहिती. तीही नव्याने मागायची गरज नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी ती लिहूनच ठेवली आहे : नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असावा, फीचा फलक असावा, कागदपत्रे मागितली तर ७२ तासांत द्यावीत, कमिशन घेऊ नये. डॉक्टर आयुर्वेदाचा वा होमिओपॅथीचा असेल तर त्याच्या परिषदेचा क्रमांक विचारा. क्रमांक विचारणे म्हणजे अपमान नव्हे. आपला सातबारा दहा ठिकाणी विचारतात, आपण रागावतो काय?

कमिशनचे म्हणाल तर डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले. महाडला बसून विंचूदंशावर त्यांनी केलेले काम जगभर गेले. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला, रोगी पाठवल्याबद्दल. त्यांनी थेट तक्रार केली. असे डॉक्टर आहेत, म्हणून सगळ्यांना एका काट्यावर तोलणे आम्हाला मान्य नाही.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. बाटली लावली नाही तर डॉक्टरला काही येत नाही, असे कोण म्हणते? आपणच. अर्ध्या लिटर सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. उलट्या थांबत नसतील, शोष पडला असेल तर तेच पाणी जीव वाचवते. नुसत्या थकव्याला ते लावून घेणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर रानाला पाणी देणे. शेतीचे शिक्षण घेतलेल्या आम्हालाही घरच्या म्हातारीला हे पटवता आलेले नाही, हेही कबूल करतो.

खरी परीक्षा फवारणीत होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फॉस्फरसवर्गातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन वेळेवर मिळणे म्हणजे जीव. पण औषध कोणते अंगावर उडाले हे डॉक्टरला कळले पाहिजे, म्हणून डब्याचे लेबल सोबत न्या. आणि पंप खांद्यावर घेण्याआधी, शुद्धीवर असताना, जवळच्या दवाखान्यात जाऊन विचारा : ॲट्रोपिन आहे काय? सरकारी केंद्रात सापाची लस आहे काय? रात्री कोण असते? नसेल तर गाडी कुठे न्यायची?

ही उत्तरे प्रत्येक गावाने एका कागदावर लिहून घ्यावीत आणि येत्या ग्रामसभेत वाचावीत. डॉक्टरांनाही बोलवा, त्यांची बाजू ऐका. उधारी किती थकली आहे तेही ते सांगतील. तो कागद मग चावडीवर लावा, आणि पुढच्या जिल्हा बैठकीला त्याची प्रत घेऊन या.